जुनी जीप घरी दुरुस्त होते, पण रस्त्यावर टिकेल का?

ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात जुन्या गाड्यांबाबत तीन गोष्टी घडल्या. ई२० पेट्रोलवर खुलासा करताना पेट्रोलियम मंत्रालयाने मान्य केलं, की काही जुन्या गाड्यांमधले रबरी भाग आणि गॅस्केट नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागू शकतात. दिल्ली परिसरातल्या १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांवर केवळ वयाच्या कारणाने कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. आणि २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटार वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने ५ हजारांवरून थेट १० हजार रुपये केलं.

पेपरात या तीन वेगळ्या बातम्या होत्या. पण ज्यांच्या दारात जुनी महिंद्रा जीप उभी आहे, त्यांच्यासाठी ही एकच बातमी आहे. मी स्वतः सत्तरच्या दशकातली पेट्रोल सीजे-३बी घरीच सांभाळतो, त्यामुळे ओळखीतले लोक बऱ्याचदा विचारतात, ‘एक जुनी जीप स्वस्तात मिळतेय, घेऊ का?’ पूर्वी उत्तर देताना मी चेसिस आणि गंज याबद्दल बोलायचो. आता पहिला प्रश्न विचारतो, ‘आरसी कुठल्या सालची आहे?’

ही गाडी घरी दुरुस्त का होते?

सीजे-३बी हे मूळ अमेरिकन विलीज मॉडेल, १९५३ चं. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंद झालं, पण महिंद्राने भारतात पुढे अनेक वर्षं बनवलं. तिचं बॉनेट इतकं उंच दिसतं त्याचं कारण आतलं ‘हरिकेन’ इंजिन. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, म्हणून त्याची उंची वाढली आणि बॉनेटही वर उचलावं लागलं.

या गाडीत ना ईसीयू, ना सेन्सर. चेसिस वेगळी, बॉडी वेगळी, पुढेमागे पाटे. बहुतेक भाग नट-बोल्टने जोडलेले. पान्यांचा एक सेट, जॅक, फीलर गेज आणि ग्रीस गन असेल, तर नेहमीची बरीचशी कामं अंगणात होतात. पॉइंटचा गॅप, टॅपेट, ब्रेकचे लायनर, व्हील बेअरिंगचं ग्रीस, सगळं हाताने आणि डोळ्याने तपासता येतं. सुटे भागही अजून मिळतात. म्हणजे मेकॅनिकल बाजूने बघितलं तर ही जीप ‘संपत’ नाही. पण पंपावरचं इंधन आणि आरटीओतली नोंदणी आपल्या हातात नाही.

ई२० जुन्या कार्बोरेटरमध्ये नेमकं काय करतं?

ई२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो, आणि ई२० ला साधारण १३.५ किलो. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि ईसीयू इंधन वाढवतो. कार्बोरेटरमध्ये मात्र जेटचं भोक ठरलेलं असतं. ते पूर्वीइतकंच इंधन सोडतं, आणि मिश्रण सुमारे ८ टक्के ‘लीन’ होतं. सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागणं, गिअर टाकून रेस दिल्यावर गाडी अडखळणं, चढावर इंजिन जास्त तापणं, ही त्याची लक्षणं.

दुसरा मुद्दा ताकदीचा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई२० मध्ये लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं हे खरं, पण त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला होतो. या जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ७:१ च्या आसपास. म्हणजे जीपवाल्याच्या वाट्याला तोटा येतो, फायदा जवळपास नाहीच.

तिसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी साचलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. कोकणात पावसाळाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवली, तर गणपतीत ती सुरू न होण्याचं हे एक कारण असू शकतं. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीच्या आत बसलेली राळ सोडवतं. ती फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये येऊन अडकते.

घरी काय करता येईल?

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक पत्रा आणि रंगापासून सुरुवात करतात. माझ्या मते इंधनाची लाइन आधी, कारण तिथली गळती म्हणजे थेट आगीचा धोका.

पहिलं काम, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदला. इथेनॉल चालेल असं स्पष्ट रेटिंग असलेलीच नळी घ्या, ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मीटरवर मिळणारी कुठलीही नको. दुसरं, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचं किट बदला. तिसरं, टाकी उतरवून आतून साफ करा आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावा. पहिले काही महिने तो वरचेवर बघा. पण टाकी धुतली तरी आत वाफ उरते, त्यामुळे वेल्डिंग किंवा ग्राइंडर तिच्या जवळपासही नको. ते काम जाणकाराकडेच द्या.

चौथं काम जेटचं. इंधन साधारण ८ टक्के वाढवायचं म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं, व्यास फक्त ४ टक्के. १.०० मिमीच्या जागी १.०४ च्या आसपासचा जेट. घरी ड्रिल फिरवू नका. एक नंबर मोठा जेट आणा, प्लगचा रंग बघा आणि पीयूसी केंद्रावर रीडिंग घ्या. या काळातल्या पेट्रोल कारसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. जेट प्रमाणाबाहेर मोठा झाला तर तिथे लगेच कळेल.

आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धवट नको.

२० ते ५० वर्षांमधली पोकळी

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी पुन्हा पासिंग. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी मूळ स्वरूपात असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुनर्नोंदणीला ५ हजार. अट अशी, की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल, इंधन भरणं एवढंच.

२०२६ मध्ये हिशेब केला तर १९७६ पर्यंतच्या जीप यात बसतात. मग ऐंशी-नव्वदच्या दशकातली डिझेल एमएम५४० कुठे जाते? कुठेच नाही. विंटेज व्हायला तिला अजून काही वर्षं आहेत, तोवर दर ५ वर्षांनी १० हजार. दिल्लीत तर तिची अवस्था आणखी बिकट, कारण डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ऑगस्टमधलं संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. पण मुंबई महानगर परिसरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे बघायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. दिशा ओळखायला एवढं पुरे.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे बदललेलं इंजिन. डिझेल स्वस्त होतं तेव्हा गावोगावी पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं. गाडी आजही उत्तम चालते. पण विंटेज नियमात इंजिन, चेसिस किंवा बॉडीत मोठा बदल चालत नाही. आणि आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो विनापरवानगी बदल ठरतो. म्हणून जीप घेताना चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार आरसीशी जुळतो का, ते टोकन द्यायच्या आधी बघा.

मग बरोबर काय?

जुनी जीप प्रदूषण करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, आणि दर किलोमीटरला तिचा धूर आजच्या गाडीच्या कितीतरी पट आहे. पण महिन्याला दोनदा बाहेर पडणारी जीप वर्षभरात किती किलोमीटर चालते, हेही मोजायला हवं. आज नियम फक्त आरसीवरचं साल मोजतात. चांगली ठेवलेली गाडी आणि ब्रेक न लागणारी गाडी, दोघींचं शुल्क एकच.

माझं म्हणणं साधं आहे. २० ते ५० वर्षांच्या खासगी गाड्यांसाठी मर्यादित वापराची एक वेगळी नोंदणी असावी. वर्षाला ठरावीक किलोमीटर, कडक तपासणी, आणि त्या बदल्यात वाजवी शुल्क. आणि पंपावर कमी इथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय असावा, थोडा महाग असला तरी चालेल. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे हा निर्णय आता सरकारलाच घ्यावा लागेल. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात इथेनॉलच्या विरोधात बोलणं सोपं नाही, आणि मी तसं बोलतही नाही. इथेनॉलने शेतकऱ्याला पैसे मिळतात, तेलाची आयात कमी होते. पण त्यासाठी प्रत्येक नळीतून ई२० च वाहायला हवं असं नाही.

तोवर जीप घ्यायची असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी आरसी, मग इंधनाची लाइन आणि ब्रेक, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.