ऑनसाइट की लोकल कॉन्ट्रॅक्ट? जर्मनीला जाताना पगाराच्या आकड्यापलीकडे काय पाहायचं

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. काही दिवसांतच जर्मनीचे भारतातले राजदूत फिलिप आकरमान यांनी व्हिडिओ टाकून भारतीयांना आमंत्रण दिलं. आमचं स्थलांतर धोरण जर्मन गाडीसारखं भरवशाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्येच जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असल्याचं जाहीर केलं होतं.

चाकण-हिंजवडीतल्या इंजिनिअरसमोर मात्र 'जाऊ का' यापेक्षा 'कुणाचा कर्मचारी म्हणून जाऊ' हा प्रश्न मोठा असतो.

एक रस्ता ऑनसाइटचा. नोकरी पुण्यातच राहते, कंपनी तिच्या जर्मन शाखेत पाठवते. यासाठी आयसीटी कार्ड मिळतं आणि मॅनेजर किंवा तज्ज्ञाला त्यावर जास्तीत जास्त तीन वर्षं राहता येतं. चांगलं एक्सपॅट पॅकेज असेल तर घरभाडं, मुलांची फी, सुट्टीत घरी यायचं तिकीट आणि कधी कधी तिथला जादा टॅक्सही कंपनी भरते. दुसरा रस्ता इथे राजीनामा देऊन जर्मन कंपनीशी थेट करार करायचा. तिथे ईयू ब्लू कार्ड लागतं. २०२५ साठी त्याची किमान पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, टंचाईच्या व्यवसायांसाठी ४३,७५९ युरोंच्या थोडी वर.

पहिल्या वर्षी पॅकेजच जिंकतं. ६० हजार युरोंचा लोकल पगार रुपयांत ऐकायला दणदणीत वाटतो, पण टॅक्स आणि विम्याचे हप्ते कापून एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण ३,१०० युरो पडतात. त्यातून भाडं द्यायचं.

मग लोकल का घ्यायचं?

कारण ते कापलेले पैसे वाया जात नाहीत. पेन्शनचा हप्ता पगाराच्या १८.६ टक्के, त्यातला निम्मा कंपनीचा. नोकरी गेली आणि त्याआधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले असतील, तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के बेकारी भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. आयसीटीवाल्याचं राहणं त्या बदलीलाच बांधलेलं असतं. प्रोजेक्ट संपला की परतीचं तिकीट.

खरा फरक इथे आहे. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. ऑनसाइटवाल्याने ईपीएफओचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेतलं तर ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनचे हप्ते भरावे लागत नाहीत, पीएफ भारतातच सुरू राहतो. दोनदा कापणी टळते, ही सोय चांगलीच. पण ब्लू कार्डवर कायमच्या वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत मिळतो, बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, आणि त्यासाठी हेच पेन्शनचे हप्ते भरलेले असावे लागतात. म्हणजे आयसीटीवर तीन वर्षं काढून मग ब्लू कार्ड घेतलं, तर ते २१ किंवा २७ महिने तिथून मोजायला सुरुवात. एचआरच्या पीपीटीत ही ओळ सहसा नसते.

मुलांचा मुद्दा त्याहून नाजूक. सरकारी शाळा फुकट, पण शिकवणं जर्मनमध्ये. मोठ्या शहरांतल्या इंटरनॅशनल स्कूलची फी वर्षाला १५ हजार युरोंच्या वर सहज जाते. पॅकेजमध्ये ती कंपनी भरते म्हणून मूल इंग्रजी शाळेत जातं. तीन वर्षांनी कंपनी म्हणते, राहायचं तर लोकल व्हा. फी बंद, भाडं बंद, आणि मूल दहा वर्षांचं. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते. जर्मन न येणाऱ्या मुलासाठी शाळा बदलायची याहून वाईट वेळ शोधून सापडायची नाही. राहायचं मनात असेल तर पॅकेज असतानाही मूल पहिल्यापासून जर्मन शाळेत घालणं शहाणपणाचं.

दुबईत मात्र गणित उलटं. पगारावर आयकर नाही आणि नोकरीच्या व्हिसावर कितीही वर्षं काढली तरी कायमचं वास्तव्य मिळत नाही, त्यामुळे तिथे पॅकेजवरच भांडावं. फक्त ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या हिशेबाने. भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवलेला असेल तर फटका शेवटी बसतो.

राजीनामा देऊन जाणाऱ्यांनी तारीखही पाहावी. भारतातल्या कंपनीत पाच वर्षं पूर्ण व्हायला चार-सहा महिने उरले असतील, तर इथली ग्रॅच्युइटी हातची जाऊ शकते. जर्मन कंपनीकडे रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागता येते, आणि ती करारावर सही करण्याआधी मागायची असते.