आग कोणी लावली?

साथींनो,

उन्हाळा लागला की सातपुड्यात वणवे पेटतात आणि फॉरेस्टवाले पहिलं बोट आपल्याकडं दाखवतात. मोह वेचणाऱ्यानंच आग लावली म्हणतात. वन कायदा १९२७ प्रमाणं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण जाळरेषा काढताना खातं स्वतःच गवत जाळतं. म्हणजे आगीनं आग अडते, हे त्यांनाही ठाऊक आहे. मग आपल्या म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं तर तो अडाणीपणा कसा?

कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा आदिवासी राहतात. त्यांचे वाडवडील उन्हाळ्याच्या तोंडालाच, जंगल पुरतं वाळायच्या आधी, हलकी आग फिरवत. तिला ते 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. १९७४ ला तिथं अभयारण्य झालं, आग बंद झाली. सोलिगा सांगतात, त्यानंतर घाणेरी माजली, आवळ्यावर बांडगूळ वाढलं. संशोधकांनी जंगलात पट्टे आखून मोजलं. १९९७ साली शंभरातल्या ४१ पट्ट्यांत घाणेरी होती, २००८ साली ८१ पट्ट्यांत. आता तिथं वणवा लागला की घाणेरीच्या जाळीवरून झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतो. २०११ साली सोलिगांना सामूहिक वनहक्क मिळाले. बाहेरून संशोधक आले, त्यांनी म्हाताऱ्यांचं ऐकलं आणि लिहून ठेवलं. आपल्याकडं कोणी विचारलं का?

पण आपणही खरं बोलू. मोहाखालचा पाला पेटवायचा आणि आग न विझवता घरी यायचं, ही वाडवडिलांची रीत नव्हे. चैत्राच्या वाऱ्यात ती आग डोंगर खाते. रोपं जातात, चारा जातो, आणि आपल्या लढ्याला बोल लागतो.

वनहक्क कायदा २००६ नं आपलं सामूहिक जंगल राखायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क गावाला दिलाय. तो नुसता कागदावर ठेवून चालणार नाही. म्हणून होळीच्या आधी प्रत्येक ग्रामसभेनं ठराव करावा :

१) मोहाखालची जागा झाडून घ्यायची, पेटवायची नाही.
२) जाळरेषा गावानं काढायची, मजुरी खात्यानं द्यायची.
३) वणव्याच्या दिवसांत पाळीपाळीनं पहारा.
४) पूर्वी आग कुठं, कधी, कशी लावत, ते म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहायचं. त्यावर खात्यानं आणि जाणकारांनी ग्रामसभेत येऊन बोलावं.

वही भरली की उद्या कोणी विचारलं 'आग कोणी लावली?', तर आपल्याकडं उत्तर असेल.

जंगल आमचं, राखणारही आम्हीच!
जिंदाबाद!