आजा मेला त्याची नोंद त्यांच्याकडे, पुरावा मागतात आपल्याकडे



वनहक्काचा दावा घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "तुमचा आजा इथंच राहत होता याचा कागद आणा." कुडाच्या घरात, चार महिन्यांच्या पावसात कागद टिकतो काय? पण कागद आहे. तो त्यांच्याच तहसील कचेरीत आहे.

पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवाल बुकात लिहीत. गाव नमुना 14 म्हणतात तो हाच. मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. जिवंतपणी ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन लावली नाही, तो माणूस मेल्यावर सरकारला बरोबर दिसला!

माझ्या आज्याच्या नोंदीसाठी मी तीन खेपा मारल्या. एकदा दप्तर जीर्ण, एकदा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा सापडली. जात वारली, कारण ताप. बापाच्या नावावरून पणजाही कळला. घरी आजीला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "ताप कसला, भूक होती ती." हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

शोधायला जाण्याआधी म्हाताऱ्यांना विचारून घ्या. आपली नावं वारावरून पडलेली, एका गावात दहा सोम्या नि दहा बुध्या. म्हणून बापाचं नाव, पाडा, कुठल्या पोराच्या जन्मानंतर मेला, हे हवंच. जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्या. दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात (2005) दप्तर पाहायला मागा. 6 सप्टेंबर 1950 आधीची नोंद मिळाली तर नक्कल जपून ठेवा, पोरांच्या जातपडताळणीला लागते.

आणि नोंद नाहीच सापडली तर? वीटभट्टीवर मेले त्यांची नोंद कोण करतो? म्हणून दावा सोडायचा नाही. तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा कायद्याने इतर वननिवासींना मागितलाय, आदिवासींना नाही. आपला ताबा 13 डिसेंबर 2005 आधीचा हवा, बस. नियम 13 मध्ये म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुनी विहीर चालते, देवाची जागा चालते, मसणवटसुद्धा चालते. कागद नाही म्हणून दावा फेकणारा साहेब कायदा वाचत नाही, नाहीतर वाचून खोटं बोलतो.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा, की गावच्या कोतवाल बुकांच्या नकला वनहक्क समितीला फुकट मिळाल्या पाहिजेत. येताना घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन या, जबाब तिथंच लिहून काढू.