नांगराच्या कारखान्यातली खबर

माझा भाचा मोबाइल आणि कॉम्प्युटरची माहिती मराठीतून सांगणारे व्हिडिओ करतो. परवा साताऱ्याहून सांगलीला येताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली, तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, आपल्याकडं हे आधी कुणी केलं होतं का गं?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

हे स्टेशन पूर्वी कुंडल रोड होतं. 1910 साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना इथली 32 एकर जागा दिली. नुसता माळ, निवडुंग आणि साप. तिथं लोखंडी नांगर तयार होऊ लागले. पण नांगर बनवणं एक आणि तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणं दुसरं. लोखंडानं जमिनीला विष चढतं, असं लोकांना मनापासून वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली होती, असं सांगतात. मला या भीतीचं हसू येत नाही. ज्याचं पोट एका वावरावर आहे, त्यानं ते वावर परक्याच्या शब्दावर का पणाला लावावं?

हा शब्दच आपला करून द्यायचं काम लक्ष्मणरावांच्या पुतण्यानं केलं. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि. मूळचे चित्रकार. कारखान्याच्या जाहिराती करता करता 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. नावाप्रमाणंच कारखान्याची खबर. पण माणूस नुसत्या यंत्रापाशी थांबत नाही, हे त्यांनी ओळखलं. ज्या घरात नांगर गेला त्या घरात बायका आहेत, शिकणारी पोरं आहेत, रूढींचं ओझं आहे. हळूहळू खबरीत ते सगळं आलं. पुढे नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' उरलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख त्यात आले. 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हनकर याच वाडीत नोकरीला होते. 1930 साली 'स्त्री' आलं, 1934 साली 'मनोहर'. पुण्या-मुंबईत नव्हे, भट्टीच्या धुरात, लहान लहान गावांच्या मधोमध.

1948 साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत कारखाना होरपळला. औंध संस्थान विलीन झालं, हा भाग दक्षिण सातारा झाला आणि 1960 साली सांगली जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. मासिकं पुढे पुण्याला गेली. शंवाकि 1975 साली गेले.

भाच्याला हे सगळं सांगितलं, पण त्याला पटलं ते घरी गेल्यावर. माझ्या आत्याच्या ट्रंकेत 'स्त्री'च्या जुन्या अंकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा आहे. कडा कसरीनं खाल्लेल्या. एका अंकात वहीचा फाडलेला कागद निघाला. त्यावर आत्याच्या अक्षरात बायकांची नावं, पुढे अंक नेल्याची तारीख आणि परत आल्याची खूण. पलूस, कुंडल, तासगाव. काही नावं वेगळ्या शाईत, म्हणजे मागाहून भर पडत गेलेली. आत्याची शाळा चौथीतच सुटली होती.

भाचा बराच वेळ तो कागद हातात धरून बसला. मग म्हणाला, "मावशी, ह्या शेवटच्या बाईंच्या नावापुढं परत आल्याची खूणच नाही."

"तिनं ठेवून घेतला असेल," मी म्हटलं. "आत्यानं मागितलाही नसेल."