बर्फाला जामीन कोण?

डिसेंबर लागला की आपल्याकडच्या घरांत हल्ली लोकरी टोप्या आणि जाडजूड बुटांची खरेदी सुरू होते. मुले, सुना, कधी नातवंडेसुद्धा उत्तराखंडात नाही तर हिमाचलात बर्फात चालायला निघतात. राजगड, हरिश्चंद्रगड पालथे घालून पाय तयार झालेले असतात. कौतुकच आहे. पण सह्याद्रीतला घसारा डोळ्यांना दिसतो, शेवाळलेला कातळ दिसतो. बर्फाचा धोका बर्फाच्या पोटात असतो.

बर्फ थराथरांनी साठते. कडाक्याच्या निरभ्र रात्रींत खालच्या पातळ थराचे कण जाड्या साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवे बर्फ पडले, वाऱ्याने पलीकडच्या अंगाचेही आणून दाबून बसवले, की रव्यावर फरशी ठेवावी तशी अवस्था होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ही फरशी सुटायला कधी एका माणसाचे वजन पुरते. हिमस्खलनात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो धक्का त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पायांनी दिलेला असतो! पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होणे, पावलापासून तडा पळत जाणे, ही डोंगराने दिलेली नोटीसच. तीही दर वेळी मिळतेच असे नाही.

बँकेत कर्जाच्या फायली पाहण्यात माझी उमेद गेली. तिथे एक वाक्य फार ऐकले: ‘साहेब, आजवर एकही हप्ता चुकला नाही.’ बर्फातल्या सहली नेणारेही तेच सांगतात, आजवर काही झाले नाही. कर्जदाराच्या तोंडी या वाक्याला थोडी तरी किंमत असते, कारण माणूस तोच असतो. उतार कालचा आज राहत नाही. रात्रीत फूटभर बर्फ पडले, वारा फिरला, ऊन चढले, की जुना हिशेब रद्द.

आणि नुसत्या अनुभवाने भागते असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू १६ दिवसांत सर केले होते.

गाडलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांची. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नसते. शेजारी चालणाराच वाचवू शकतो. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे यंत्र हवे, बर्फात खुपसून पाहायची लांब काठी हवी, फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सराव हवा. संरक्षण खात्याची चंडीगडची संस्था हिमस्खलनाचे इशारे देत असते. पैसे भरण्यापूर्वी विचारावे, हे इशारे रोज कोण वाचतो? वाट तीव्र उतारांखालून जाते का? रात्री जोरदार बर्फ पडले तर दुसऱ्या दिवशी थांबता का? (जेवणात पनीर आहे का, हे आपण आधी विचारतो.)

माझ्या मते मात्र सगळ्यात महत्त्वाचे कलम पैशाचे आहे. रजा मंजूर, रेल्वेचे आरक्षण झालेले, वीस जणांचे पैसे जमा, अशा वेळी ‘परत फिरा’ म्हणणे गटप्रमुखाला जड जाते. म्हणून अर्ध्या वाटेवरून परतल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पावतीवर आधीच छापलेले असावे. आणि मागे फिरणाऱ्या वाटाड्याच्या मजुरीतला एक रुपयाही कापू नये.