टोकन घेण्याआधी

दिव्यात खोली बघायला येणारे गिऱ्हाईक सहसा एकटे नसते. भाड्याच्या खोल्या बदलून थकलेला मुलगा, मंगळसूत्र सोडून बाकीचे सोने मोडायला तयार झालेली त्याची बायको आणि दिवा–सावंतवाडी गाडीने आलेले वडील. पैसा पीएफचा, पतसंस्थेच्या कर्जाचा, थोडा चुलत्याकडून हातउसना. बांधकाम परवानगी यांतल्या कोणालाच वाचता येत नाही. म्हणून तर ही माणसे आपल्याकडे, एजंटकडे येतात.

आणि आपण त्यांना दाखवतो काय, तर लाईट बिल आणि घरपट्टीची पावती. “काकी, मीटर आहे, पालिका टॅक्स घेते, मग घाबरता कशाला?” हे वाक्य आपल्या धंद्यातून हद्दपार झाले पाहिजे. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्ती लावते. त्याने इमारत अधिकृत होत नाही. दस्त नोंदला गेला म्हणजे परवानगी तपासली गेली, असेही नाही. निव्वळ नोटरीवर खोली विकणाऱ्यांशी तर आपण व्यवहारच करू नये.

शीळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली अशीच अनधिकृत इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली, 74 माणसे गेली. वर मजले चढत होते आणि खाली संसार थाटले गेले होते.

पुढे 2017 मध्ये महारेरा आले. गिऱ्हाइकाच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, हे नियम चांगलेच आहेत. पण महारेराचा नोंदणी क्रमांक दिसला की लोक निर्धास्त होऊ लागले. डोंबिवलीत नेमका त्याचाच फायदा उठवला गेला. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून 65 इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घर पाडले जाण्याच्या नोटिशीने कर्जाचा हप्ता थांबत नाही.

काही वाचक म्हणतील, अधिकृत घर या लोकांना परवडतच नाही. खरे आहे, आणि ते दुःख मोठे आहे. पण मग तसे तोंडावर सांगावे, आणखी काही वर्षे भाड्याने राहा म्हणावे. आपले कमिशन बुडेल, त्यांची आयुष्यभराची पुंजी वाचेल. ती पुंजी बिल्डरला बघून नव्हे, आपल्या शब्दावर बाहेर निघते.

तेव्हा महारेराच्या क्रमांकावर थांबू नका. परवानगीचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या आणि ठाण्यात शहर विकास विभागाला, कल्याण-डोंबिवलीत नगररचना विभागाला लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा; त्याची मुदत 30 दिवसांची आहे. तोवर टोकन घेऊ नका, बिल्डरने कितीही घाई केली तरी.