पैसे घ्यायला पिन लागत नाही

बडोद्यातले जुने वाडे पाडून फ्लॅट होत आहेत आणि आजोबांचा शिसवी झोपाळा इंटरनेटवर विक्रीला निघतो. जाहिरात देताच फोन येतो. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, वस्तू पाहायला येत नाही. लष्करात असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो तेवढा पाठवते. मागून क्यूआर कोड येतो : ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ घडते उलटेच. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाने अशा वेळी ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी मारले. बँकेत नोकरी करूनही मला हे पटत नाही. वर्दी पाहून विश्वास ठेवणे हा निष्काळजीपणा कसा? मंडळाने हा प्रश्न खासदारांकडे न्यावा.

पण आपलाही दोष आहे. ‘लोक हसतील’ म्हणून आपली माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात. तेवढ्यात पैसे दहा खात्यांतून फिरून निघून जातात. फसलात तर त्याच क्षणी १९३० फिरवा, बँकेला कळवा. अब्रू चोराची जावी, आपली नव्हे.